पोटोमीटरचा बुडबुडा उलटा जातो, बटाट्याचं वजन भलतंच येतं: पावसाळ्यात हे प्रयोग कसे जमवायचे?

नववीचा वर्ग (प्रश्न)

नमस्कार. सजीव परिसरातून काय घेतात, परिसरात काय सोडतात आणि ते पेशीच्या आत-बाहेर जातं कसं, हा भाग नववी-दहावीच्या मुलांना प्रयोगांतून दाखवायचा आहे. शाळा मध्य मुंबईत, खोली चौथ्या मजल्यावर. पंखे आहेत, एसी नाही. महिना जुलै. दोन प्रयोग करून पाहिले, दोन्ही पुस्तकाप्रमाणे आले नाहीत.

पहिला पोटोमीटर, म्हणजे फांदी किती पाणी ओढते ते मोजायचं उपकरण. १०० मिलिलिटरचं शंकूपात्र पाण्याने काठोकाठ भरलं, दोन भोकांचं रबरी बूच लावलं. एका भोकात जास्वंदीची पानांची फांदी, दुसऱ्यात १ मिलिमीटर व्यासाची केशनळी, सांध्यांना व्हॅसलीन. अर्ध्या तासात नळीतला हवेचा बुडबुडा जेमतेम २-३ मिलिमीटर सरकला. १०० वॅटचा बल्ब जवळ ठेवला तर तो फांदीकडे न जाता उलट बाहेरच्या टोकाकडे गेला. मुलांनी वहीत लिहिलं, 'उजेडात झाड मुळाकडून पाणी बाहेर टाकते.' हे खोडायचं कसं तेच कळेना.

दुसरा बटाट्याचा. ४ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर जाडीचे दंडगोल, साखरेची द्रावणं ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १ मोलर, वेळ ४० मिनिटं. ०.४ मध्येही वजन वाढलं आणि ०.६ मध्ये नावालाच कमी झालं. वजनातल्या बदलाच्या आलेखाची रेषा शून्याला ०.३ मोलरच्या आसपास छेदायला हवी ना?

तिसरा प्रयोग अजून केलेला नाही. आकार वाढला की विसरण (कणांचं दाटीकडून विरळीकडे पसरणं) कमी का पडतं, ते अगारच्या घनांवर दाखवायचंय. पुस्तकात फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून दाखवणारं दर्शक) आणि कॉस्टिक सोडा दिलाय. ४८ मुलांच्या हातात कॉस्टिक द्यायचा नाही. जिलेटिन आणि गोकर्णाच्या फुलांवर भागेल का?

आणि शेवटी एखादी जिवंत गोष्ट दाखवायची आहे, इथलीच, मुंबईतली.

प्रयोगवही

ताई, बुडबुडा उलटा गेला यात झाडाचा काही संबंध नाही. तुमचं उपकरण थर्मामीटर झालं होतं.

पाणी ३० अंशांच्या आसपास दर अंशाला सुमारे दहा हजारात तीन भाग फुगतं. म्हणजे १०० मिलिलिटर पाणी एका अंशाने तापलं की ०.०३ मिलिलिटर वाढतं. ऐकायला कमी वाटतं, पण १ मिलिमीटर व्यासाच्या केशनळीत ०.०३ मिलिलिटर म्हणजे ३८ मिलिमीटर लांबी! बल्बने शंकूपात्र एक अंश तापवलं तरी बुडबुडा चार सेंटिमीटर बाहेर ढकलला जाणार. फांदीने त्या वेळात पाणी ओढलंही असेल, पण ते या फुगण्याखाली दडलं. बुचाखाली हवेचा फुगा राहिला असेल तर आणखी वाईट, कारण हवा पाण्याच्या दहापटीहून जास्त फुगते. मुलांना हे वाक्य खोडायला सांगू नका, तपासायला सांगा. फांदीऐवजी काचेची कांडी बुचात घाला आणि बल्ब लावा. बुडबुडा तरीही बाहेर गेला की वहीतलं वाक्य मुलं स्वतःच बदलतील.

आता तो मुळात सरकत का नव्हता ते. पानाच्या आतली हवा वाफेने जवळजवळ संपृक्त असते. बाहेरची हवा जितकी कोरडी तितका दोन्हींतला फरक मोठा, आणि पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते ती या फरकाच्या जोरावर. ३० अंशांना संपृक्त वाफेचा दाब ४.२४ किलोपास्कल असतो. जुलैतल्या ९० टक्के आर्द्रतेत बाहेर ३.८२ आहे, फरक उरला ०.४२. हाच प्रयोग ६० टक्के आर्द्रतेत केला तर फरक १.७, म्हणजे चौपट. पुस्तकातले आकडे बहुधा कोरड्या हवेतले असतात, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात ते भेटत नाहीत.

उपाय सोपा आहे, पान हवेपेक्षा गरम करा. पान ३३ अंशांवर गेलं की आतला दाब ५.०३ होतो, बाहेर तोच ३.८२, फरक १.२१. अवघ्या तीन अंशांत जवळपास तिप्पट. तारेचा जुना बल्बच घ्या, एलईडीने पान फारसं तापत नाही. पानांपासून ३० सेंटिमीटरवर ठेवा आणि बल्ब व उपकरण यांच्यामध्ये पुठ्ठा उभा करा. ऊब लागली पाहिजे पानांना, नळीला नाही. पर्णरंध्रं उघडायलाही वेळ लागतो, म्हणून फांदी आधी अर्धा-पाऊण तास उजेडात ठेवून मगच मोजायला सुरुवात करा.

मोठं शंकूपात्र काढून टाका. १ मिलिलिटरची, ०.०१ च्या खुणा असलेली पिपेट आणि ५ मिलिमीटर आतला व्यास असलेली १० सेंटिमीटर पारदर्शक नळी पुरते. दोन्ही प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. सगळं मिळून जेमतेम ३ मिलिलिटर पाणी, एका अंशाला ०.००१ मिलिलिटरसुद्धा फुगत नाही. जोडणी बादलीत, पाण्याखाली करायची. नळी आणि पिपेट पाण्याखाली भरा. फांदीचा देठ पाण्याखालीच, तिरका कापा, आणि हवेत न काढता नळीत सरकवा. देठावर नळाची टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळली तर सांधा घट्ट बसतो. व्हॅसलीन शेवटी आणि बाहेरून. आधी लावलं तर ते कापलेल्या तोंडावर जातं आणि जलवाहिन्या बुजतात. नळीला इंग्रजी 'यू'सारखा बाक द्या, पिपेट आडवी ठेवा. बुडबुड्याची गरजच नाही, पाण्याची कड खुणांवरून आत सरकताना दिसते.

सांधा गळतोय का ते पाहायला पिपेटचं टोक फांदीपेक्षा उंच धरा. सांध्यापाशी थेंब आला तर पुन्हा बांधा.

जास्वंद मात्र बदला. तिच्या देठातून चिकट, बुळबुळीत द्रव येतो आणि कापलेलं तोंड धरतं. तगर, कण्हेर, चाफा यांना चीक, तेही नकोत. कुंपणाला असतो तो डुरांटा किंवा गुलाबाची फांदी घ्या, देठ पेन्सिलीपेक्षा थोडा बारीक.

सावलीतली_कुंडी

एवढं करण्यापेक्षा कुंडीतल्या फांदीवर प्लास्टिकची पिशवी बांधा, तासाभरात आत थेंब येतात. टेबल फॅनही लावा, वाऱ्याने बाष्पोच्छ्वास (पानांतून वाफ बाहेर पडणं) वाढतो.

प्रयोगवही

पिशवीचा प्रयोग चालतो, पण पावसाळ्यात रिकाम्या पिशवीतही थेंब येऊ शकतात, कारण आत कोंडलेली हवाच ओली असते. म्हणून शेजारी दोन पिशव्या हव्यात: एक रिकामी, एक पानं काढलेल्या फांदीवर. आणि पिशवीने 'होतं' एवढंच कळतं, 'किती' ते कळत नाही.

पंख्याबद्दल इथे सावध राहावं. वारा पानाला चिकटून असलेला ओल्या हवेचा थर उडवतो, हे खरं. पण आजूबाजूची हवाच ९० टक्के ओली असेल तर थर उडवून पुन्हा ओलीच हवा येणार. आणि बल्बने तापवलेलं पान पंखा लगेच हवेच्या तापमानाला आणून सोडतो. वर काढलेला ०.४२ चा १.२१ झाला होता तो परत ०.४२ कडे जातो. म्हणून बल्ब आणि पंखा एकत्र लावू नका. एकदा फक्त बल्ब, एकदा बल्ब आणि पंखा असं करून पाहिलंत तर मुलांना पुस्तकातलं 'वारा वाढला की बाष्पोच्छ्वास वाढतो' हे वाक्य कुठे लागू पडतं आणि कुठे नाही ते दिसेल. डिसेंबर-जानेवारीत तोच पंखा चांगलं काम करतो.

पिपेट नाही मिळाली तर वजनाने करा. परीक्षानळीत फांदी, पाण्यावर अर्धा सेंटिमीटर गोडेतेलाचा थर म्हणजे पाणी थेट उडणार नाही, आणि ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर दर १५ मिनिटांनी वजन. शेजारी तशीच नळी, तिच्यातल्या फांदीची पानं काढून जखमांवर व्हॅसलीन. दोन्हींच्या घटीतला फरक तेवढा पानांचा.

मीठ-पाणी

बटाट्याबद्दल लिहितो. चार गोष्टी विचारायच्या आहेत. काटा कितीचा? तुकडे पुसले कशाने? कापल्यापासून द्रावणात टाकेपर्यंत किती वेळ गेला? आणि साखर १०० मिलिलिटर पाण्यात टाकली की आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग १०० च्या खुणेपर्यंत पाणी घातलं?

नववीचा वर्ग

काटा ०.१ ग्रॅमचा. पुसायला हातरुमाल, प्रत्येक गटाचा वेगळा. तुकडे सकाळी कापून ताटात ठेवले होते, तास तीन तासांनी होता. साखर थेट १०० मिलिलिटर पाण्यात टाकली. बटाटे बाजारातले साधे.

मीठ-पाणी

मग उत्तर यातच आहे.

सगळ्यात मोठी चूक ताटातल्या तीन तासांची. पंख्याखाली उघडे ठेवलेले तुकडे पाणी गमावतात, पेशी सैल पडतात, आतलं द्रावण दाट होतं. असा अर्धवट सुकलेला तुकडा ०.४ मोलर द्रावणातूनही पाणी ओढणार. वजन वाढलं ते खरंच वाढलं, तुमचा काटा खोटं बोलत नव्हता. फक्त तो ताज्या बटाट्याचा निकाल नव्हता. कापायचं, पुसायचं, वजन करायचं आणि पाच मिनिटांच्या आत द्रावणात टाकायचं. एका गटाने सहाही तुकडे एकाच बटाट्यातून काढावेत, साल अजिबात राहू नये. सालीतून पाणी जवळपास जात नाही, सालीचा भाग राहिला की तेवढं पृष्ठफळ बाद.

दुसरी चूक पुसण्याची. तुमच्या दंडगोलाचं पृष्ठफळ सुमारे १४ चौरस सेंटिमीटर आहे आणि वजन साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर. त्यावर ०.१ मिलिमीटर पाण्याचा पातळ थर राहिला तरी ०.१४ ग्रॅम, म्हणजे चार टक्के. ०.४ मोलरमध्ये खरा बदलच एवढा-तेवढा असतो! एक गट खसखसून पुसतो, दुसरा नुसता टिपतो, की निकाल उलटा. यावर उपाय असा: कोरड्या तुकड्याचं वजन सुरुवातीचं धरूच नका. तुकडा त्याच द्रावणात पाच सेकंद बुडवा, बाहेर काढा, टिपकागदावर चारही बाजूंनी एकेकदा लोळवा, दोन्ही टोकं टेकवा, आणि ते वजन सुरुवातीचं समजा. शेवटीही अगदी तसंच टिपा. दोन्ही वेळा सारखाच थर राहतो आणि वजाबाकीत निघून जातो. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. ०.१ च्या काट्यावर साडेतीन ग्रॅमला एका घराचा फरक म्हणजे तीन टक्के.

तिसरी साखरेची. १ मोलर म्हणजे ३४२ ग्रॅम साखर आणि सगळं मिळून १ लिटर द्रावण. १०० मिलिलिटर पाण्यातच ३४.२ ग्रॅम टाकली तर द्रावण १२१ मिलिलिटरच्या आसपास होतं आणि ताकद उरते ०.८३ मोलर. ०.४ च्या जागी ०.३७ होतं, तिथे चूक थोडी, पण वरच्या टोकाला आलेख आडवा पडतो. तुमच्या ०.६ ला नावालाच घट झाली त्यात याचाही वाटा आहे. १०० मिलिलिटर द्रावणासाठी साखर अशी: ०.२ ला ६.८ ग्रॅम, ०.४ ला १३.७, ०.६ ला २०.५, ०.८ ला २७.४, १ ला ३४.२. आधी ६० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, मग खुणेपर्यंत पाणी.

आता बटाटा. पावसाळ्यात बाजारात येणारा बराचसा माल शीतगृहातला असतो. थंडीत बटाट्यातला स्टार्च थोडा साखरेत बदलतो, पेशीरस दाट होतो आणि शून्याचा छेद ०.३ च्या पुढे सरकतो. ही चूक नाही, हा त्या बटाट्याचा गुण आहे. तेव्हा '०.३ च आलं पाहिजे' असं मुलांना आधी सांगू नका. जिथे वजन बदलत नाही तिथे बाहेरचं द्रावण त्या बटाट्याला समपरासारी, म्हणजे आत-बाहेर पाण्याची ओढ सारखी, बस. त्या द्रावणाचा परासरणी दाबही काढता येतो. ०.३ मोलर आणि ३० अंशांना सुमारे ०.७६ मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या साडेसातपट. बटाट्यासारख्या गरीब भाजीत एवढी ओढ आहे हे ऐकून मुलं बटाट्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

४० मिनिटांत समतोल होत नाही, पण बदलाची दिशा बरोबर मिळते. दोन तास मिळाले तर उत्तम. रात्रभर मात्र ठेवू नका. आपल्याकडच्या उकाड्यात साखरेचं पाणी आंबायला लागतं, तुकडा बुळबुळीत होतो आणि सकाळचं वजन कशाचंच नसतं. आणि बदल ग्रॅममध्ये नको, सुरुवातीच्या वजनाच्या टक्क्यांत लिहा. तुकडे तंतोतंत सारखे कधीच नसतात.

एक तास वाचवायचा असेल तर बागेतल्या रिओचं पान घ्या, ज्याची खालची बाजू जांभळी असते. पान तिरकं फाडलं की जांभळा पातळ पापुद्रा निघतो. काचपट्टीवर पाण्यात ठेवा, सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी नजरेत धरा, कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेने टिपकागदाने पाणी ओढा. काही मिनिटांत जांभळा भाग पेशीभित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो. हाच रससंकोच. परत साधं पाणी सोडलं की जांभळा रंग पुन्हा कडेपर्यंत पसरतो, मात्र त्याला फार उशीर करू नका.

घनफळ

अगारच्या घनांवर मी बोलतो. जिलेटिन मुंबईत नकोच. ते ३०-३५ अंशांच्या आसपास विरघळायला लागतं, वर्गातच पातळ होईल. अगार ८५ अंशांपर्यंत घट्ट राहतं. किराणा दुकानात 'चायना ग्रास' म्हणून मिळतं तेच अगार.

रंगासाठी गोकर्ण सुंदर आहे, पण आम्लात त्याचा निळा रंग जांभळा होतो आणि वर्गातल्या ट्यूबलाइटखाली निळ्या-जांभळ्याची सीमा मागच्या बाकावरून दिसत नाही. जांभळा कोबी घ्या. त्याचा निळसर जांभळा रंग व्हिनेगरमध्ये लालसर गुलाबी होतो, सीमा स्वच्छ दिसते. फिनॉल्फ्थॅलिनही नको, कॉस्टिकही नको.

पाव कोबी बारीक चिरून २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात १० मिनिटं झाकून ठेवा, गाळा. दुसऱ्या भांड्यात १० ग्रॅम चायना ग्रास कात्रीने बारीक करून ३०० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवा, मग मंद आचेवर ढवळत उकळा. एकही काडी दिसेनाशी झाली पाहिजे. अर्धवट विरघळलेलं अगार गुठळ्यांचं होतं आणि रंग तिथे वेड्यावाकड्या मार्गाने शिरतो. गॅस बंद करून पाच मिनिटांनी त्यात कोबीचं कोमट पाणी मिसळा. रंग अगारबरोबर उकळत ठेवला तर फिका पडतो. १२ सेंटिमीटर चौकोनी डब्यात ओतलं की साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास जाडी मिळते. ४० अंशांच्या खाली गेल्यावरच ते घट्ट होतं, म्हणून आपल्या हवेत तास-दीड तास लागतो. घाई असेल तर फ्रिज, पण कापण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा, सगळे घन एकाच तापमानाला यायला हवेत.

पट्टी ठेवून धारदार सुरीने ३, २ आणि १ सेंटिमीटर बाजूचे घन कापा. पसरट भांड्यात तळाला चार-पाच टूथपिक ठेवून त्यांवर घन ठेवा, आणि ते बुडतील एवढं पांढरं व्हिनेगर ओता. टूथपिक विसरले की खालची बाजू भांड्याला चिकटते, तिकडून काहीच शिरत नाही आणि सहाऐवजी पाचच बाजूंचा हिशेब होतो. बरोबर १० मिनिटांनी तिन्ही एकदम काढा, पाण्यात एकदा बुचकळा, मधोमध कापा आणि लगेच गुलाबी पट्ट्याची जाडी मोजा. बाहेर काढल्यावरही आतलं आम्ल पुढे सरकतच असतं. व्हिनेगरही थोडं गुलाबी होईल, कारण रंग बाहेर झिरपतो. घाबरू नका, सीमेकडे बघा.

समजा, पट्टा ३ मिलिमीटर आला. तो तिन्ही घनांत सारखाच असेल आणि प्रयोगाचा गाभा तिथेच आहे. शिरण्याची खोली आकार पाहून बदलत नाही. पण १ सेंटिमीटरच्या घनाचा ९४ टक्के भाग गुलाबी झाला, २ च्या घनाचा ६६ टक्के आणि ३ च्या घनाचा फक्त ४९ टक्के. पृष्ठफळ आणि घनफळ यांचं गुणोत्तर तिन्हींचं अनुक्रमे ६, ३ आणि २. हे आकडे फळ्यावर तुम्ही लिहू नका, आत उरलेल्या जांभळ्या घनाची बाजू मुलांना मोजू द्या आणि घनफळ काढू द्या.

वेळ असेल तर आणखी एक घन ४० मिनिटं ठेवा. चौपट वेळात खोली चौपट होत नाही, साधारण दुप्पट होते. विसरणाचा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. पाण्यातला ऑक्सिजन पेशीएवढं अंतर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, सेकंदाच्या चाळिसाव्या भागात कापतो. १ मिलिमीटरला चार मिनिटं आणि १ सेंटिमीटरला सात तास! अमिबाला फुप्फुसं का लागत नाहीत आणि आपल्याला का लागतात ते या तीन आकड्यांत आलं. आपल्या त्वचेचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास, आणि फुप्फुसातल्या वायुकोशांचं सुमारे ७०. म्हणजे साडेसातशे चौरस फूट, मुंबईतला एक बऱ्यापैकी ऐसपैस टू-बीएचके छातीत घडी घालून ठेवलेला. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढीच. मुलांना वर्गाची लांबी-रुंदी मोजून असे किती वर्ग होतात ते काढायला लावा.

खाडीकाठ

जिवंत गोष्टीबद्दल विचारलंत, आधी बाजारातली सांगतो. माशाचं डोकं आणा. जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, समुद्राचा ताजा मासा कमी, म्हणून रोहू किंवा कटला घ्या. त्यांचे कल्ले मोठेही असतात. कोळीणबाईंना 'कल्ले काढू नका' असं आधीच सांगा, नाहीतर साफ करताना तेच पहिल्यांदा जातात. कल्ला लालभडक हवा. तपकिरी आणि बुळबुळीत झालेला उपयोगाचा नाही, त्याचे तंतू चिकटून बसलेले असतात.

कात्रीने कल्ल्यावरचं झाकण कापा. प्रत्येक बाजूला चार कमानी दिसतील. एक कमान दोन्ही टोकांना कापून बाहेर काढा, पांढऱ्या वाडग्यात पाणी घ्या आणि कमान टोकाने धरून बुडवा. तंतू मोराच्या पिसाऱ्यासारखे सुटे होतात. आता वर उचला. सगळे एकमेकांना चिकटून ओल्या कुंचल्यासारखं एक टोक होतं. परत बुडवा, परत सुटे. हे मुलांना स्वतःच्या हाताने चार वेळा करू द्या. हवेत पाण्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन असताना मासा गुदमरतो का, याचं उत्तर त्या वाडग्यात आहे. ऑक्सिजन कमी पडत नाही, तो घ्यायला लागणारं पृष्ठफळ नाहीसं होतं. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, हवेत लिटरला २७० च्या आसपास असतो. म्हणून माशाला पाणी सतत तोंडातून घेऊन कल्ल्यांवरून सोडावं लागतं, आणि कल्ल्यांतलं रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. एकाच दिशेने वाहिलं असतं तर दोन्हींतला ऑक्सिजन अर्ध्यावर सारखा होऊन देवाणघेवाण थांबली असती. उलट दिशेमुळे रक्ताला शेवटपर्यंत आपल्याहून जास्त ऑक्सिजनचं पाणी भेटत राहतं. हातमोजे, नंतर साबण, आणि तुकडे त्याच दिवशी बाहेर.

निवटी आठवा आता. ओहोटीच्या चिखलात उड्या मारते ती मासळी. ती ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही ऑक्सिजन घेते, म्हणून अंग सुकू देत नाही, वरचेवर चिखलात लोळते.

झाड दाखवायचं तर तिवर, खाडीकाठची खारफुटी. खाडीच्या चिखलात काही मिलिमीटरच्या खाली ऑक्सिजन जवळपास नसतोच, काळा रंग आणि सडक्या अंड्याचा वास ही त्याचीच खूण. तिवराची मुळं म्हणून पेन्सिलीसारखी वर येतात. या श्वसनमुळांवर बारीक ठिपके असतात, ती वल्करंध्रं. त्यांतून हवा आत जाते, पाणी जात नाही. भरतीत मुळं बुडाली की आतला ऑक्सिजन वापरला जातो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो आणि आतला दाब कमी होतो. ओहोटीला टोक उघडं पडलं की हवा आपोआप आत ओढली जाते. म्हणून त्या मुळांवर प्लॅस्टिकची पिशवी अडकणं किंवा तेलाचा थर बसणं म्हणजे झाडाचं नाक दाबणं. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हाचं तेल किनाऱ्यावरच्या खारफुटीपर्यंत पोचलं होतं. त्या वेळी धोका पानांपेक्षा या ठिपक्यांना जास्त होता, हे मुलांना सांगावंसं वाटतं.

मीठ बाहेर टाकणंही तिवरावरच दिसतं. बरंचसं मीठ मुळंच अडवतात, उरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर येतं आणि सुकून पांढरे कण दिसतात. पण जुलैत हे दाखवायला जाऊ नका, पाऊस सगळं धुऊन नेतो. डिसेंबर ते मे, सकाळी, भिंगातून. जिभेला लावायला सांगतात काही ठिकाणी, ते ठाण्याच्या खाडीत करू नका.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात ही झाडं जवळून पाहता येतात. चिप्पीही बघा, पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. काहीही तोडायचं नाही, एक श्वसनमूळसुद्धा नाही. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे.

नववीचा वर्ग

खूप आभार सगळ्यांचे. कल्ल्याचा प्रयोग याच आठवड्यात करते. एकच विचारते, खाडीवर जायचं तर वेळ कोणती धरावी?

खाडीकाठ

त्या दिवसाची ओहोटीची वेळ आधी बघा आणि तिच्या बरंच आधी पोचा, म्हणजे पाणी उतरताना श्वसनमुळांची टोकं एकेक करून उघडी पडताना दिसतील. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त उतरतं. निवटी बघायची तर मुलांना दहा मिनिटं एका जागी गप्प उभं करा. सावली हलली की ती बिळात जाते.

प्रयोगवही

आणि पोटोमीटरला काचेची कांडी लावलेलं उपकरण शेजारी दिवसभर तसंच ठेवा. फांदीच्या प्रत्येक आकड्यातून त्याचा आकडा वजा करून लिहायला सांगा.